जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल : संग्राहकाने तिची स्थिती कशी तपासावी

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाभोवतीची दांडी (लिव्हर) खाली-वर करून काडतूस भरायची रायफल. विंचेस्टर १८७३, १८८६, १८९२ किंवा मार्लिन १८८१, १८९३ अशी रायफल हाती आली की नजर आधी तिच्या चमकेकडे जाते. चमक सगळ्यात शेवटी बघावी. सव्वाशे-दीडशे वर्षं वापरलेलं हत्यार झिजणारच, आणि झीज हा दोष नाही. पाहायचं ते एवढंच की नळी, रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मधला धातूचा भाग), दस्ता, स्क्रूंची डोकी आणि कोरलेली अक्षरं या सगळ्यांची झीज एकमेकींशी जुळते का. नळी तपकिरी पडलेली आणि रिसीव्हर मात्र काळाभोर, किंवा धातूवर खड्डे आणि लाकूड नव्यासारखं गुळगुळीत, असं दिसलं की कुणीतरी मधे हात घातलेला आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या ही जुळणी तपासण्यासाठीच आहेत.

सोबत ठेवायच्या वस्तू मोजक्याच: एलईडी टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, नळीत सोडायचा बारीक दिवा, नळीपेक्षा लांब लाकडी काठी, मोजपट्टी, सुती कापडाचे तुकडे, लोहचुंबक, वही. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला. घामातल्या क्षारांनी उघड्या धातूवर बोटांच्या ठशांएवढा गंज धरतो. स्क्रू-ड्रायव्हर मात्र बाजूलाच ठेवा. दुसऱ्याची रायफल मालकाच्या परवानगीशिवाय उघडायची नाही, आणि परवानगी असली तरी स्क्रूच्या खाचेत नेमकं बसणारं, समांतर धारेचं पातं नसेल तर उघडायची नाही.

आधी रिकामी आहे याची खात्री

नळी सुरक्षित दिशेला धरा, चापापासून बोट लांब. लिव्हर पूर्ण उघडून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) टॉर्च मारा. मग लिव्हर पाच-सहा वेळा सावकाश चालवून काही बाहेर पडतं का बघा. तरीही धोका उरतो तो नळीखालच्या, काडतुसं साठवणाऱ्या लांब मॅगझिनचा. स्प्रिंग थकलेली असेल किंवा नळकांड्याला पोचा गेला असेल, तर एखादं काडतूस मधेच अडकून राहतं. लिव्हर कितीही चालवली तरी ते मागे येत नाही आणि पुढे कधीतरी धक्का लागून सुटतं. म्हणून रायफल सावकाश वर-खाली कलवून मॅगझिनमध्ये काही सरकण्याचा आवाज येतो का ऐका, लोडिंग गेट (रिसीव्हरच्या बाजूचं काडतूस भरायचं झाकण) आत दाबून टॉर्चने कॅरियरमध्ये (काडतूस उचलून चेंबरसमोर आणणारा भाग) बघा. शंका राहिली तर मॅगझिनच्या पुढच्या टोकाचं बूच जाणकार गनस्मिथकडून काढून घ्या.

चेंबर रिकामं दिसल्यावर लिव्हर बंद करा आणि तोंडाच्या बाजूने लाकडी काठी नळीत सोडा. ती बोल्टला (चेंबर मागून बंद करणारा भाग) टेकली की नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा. काठी बाहेरून नळीला समांतर धरून बघा. खुणेपासूनची लांबी बोल्टच्या तोंडापर्यंत पोचायला हवी. याच मापातून नळीची लांबीही मिळते. नळी नेहमी बंद बोल्टच्या तोंडापासून मोजतात, रिसीव्हरच्या पुढच्या कडेपासून नाही.

रिकाम्या रायफलचा चाप दाबून घोडा आपटू नका. जुनी फायरिंग पिन ठिसूळ असू शकते, आणि तुटली तर तिच्या जागी मूळ भाग मिळणं सोपं नाही. घोडा उतरवायचा तो अंगठ्याने धरून, हळूच.

ही नक्की कोणती रायफल?

स्थिती ठरवण्याआधी ओळख पक्की करा. नावातलं वर्ष म्हणजे मॉडेल बाजारात आलं ते वर्ष. रायफल बनल्याचं वर्ष वेगळं असतं. १८७३ मॉडेलचं उत्पादन विसाव्या शतकातही चालू होतं, त्यामुळे '१८७३' कोरलेली रायफल १९०० नंतरचीही असू शकते. अमेरिकेत हा फरक कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र 'अँटीक' धरलं जातं. तिथल्या राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून व्यवहाराआधी संबंधित राज्याचा नियम वाचावा. दुसरी बाब कमी लोकांना ठाऊक असते. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची 'ट्रॅपर' कार्बाइन (आखूड रायफल) मध्यवर्ती प्राइमरचं, आजही बाजारात मिळणारं काडतूस वापरत असेल, तर केवळ जुनी आहे म्हणून ती आखूड नळ्यांवर बंधनं घालणाऱ्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमधून सुटत नाही. एटीएफने (अमेरिकेची शस्त्रनियमन करणारी संघीय संस्था) ती या कायद्याच्या यादीतून काढल्याचं पत्र सोबत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

सिरीयल क्रमांक विंचेस्टर १८७३ आणि १८८६ वर खालच्या टँगवर (रिसीव्हरपासून दस्त्यात मागे जाणारी धातूची पट्टी) असतो, १८९२ वर रिसीव्हरच्या तळाशी पुढच्या बाजूला. आकडे भिंगाखाली बघा: सगळे एकाच ठशाचे, एकाच खोलीचे आणि जवळपास एका ओळीत हवेत. आजूबाजूचा धातू खोलगट किंवा जास्त गुळगुळीत दिसला तर जुना क्रमांक घासून नवा ठोकलेला असू शकतो.

वायोमिंगमधल्या कोडी गावात बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टचं कोडी फायरआर्म्स म्युझियम आहे. विंचेस्टर कारखान्याच्या मूळ नोंदवह्या तिथे आहेत, मार्लिनच्याही बऱ्याच आहेत. फी भरून आपल्या क्रमांकाचं फॅक्टरी लेटर मागवता येतं. त्यात कॅलिबर (कोणत्या काडतुसाची रायफल ते), नळी गोल की अष्टकोनी, चापाचा प्रकार, खास मागणीच्या गोष्टी, गोदामात आल्याची आणि पाठवल्याची तारीख असते. सगळ्या क्रमांकांच्या नोंदी मात्र उरलेल्या नाहीत. १८९२ मॉडेलच्या नोंदी ३,७९,९९९ क्रमांकापर्यंत, १८९४ च्या ३,५३,९९९ पर्यंत आणि १८८६ च्या १,५६,५९९ पर्यंत मिळतात. नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड नळी, सेट ट्रिगर (अगदी हलक्या दाबाने सुटणारा चाप), उंची लाकूड किंवा नक्षी असलेल्या रायफलला पत्राशिवाय हात घालू नये. 'वन ऑफ वन थाऊजंड' (कारखान्याच्या खास निवडक रायफलींचं नाव) असं कोरलेल्या खऱ्या १८७३ दीडशेहूनही कमी आहेत, आणि तसं नाव नंतर कोरलेल्या नकला बाजारात आहेत.

१८७३ मध्ये वरच्या धूळझाकणावरून काळ पटकन ओळखता येतो. सुरुवातीच्या पहिल्या मॉडेलात झाकण रिसीव्हरमध्ये कापलेल्या खाचांतून सरकतं. दुसऱ्यात रिसीव्हरवर मधोमध वेगळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. तिसऱ्यात तीच पट्टी रिसीव्हरच्याच धातूतून घडवलेली असते. क्रमांक एका काळाचा आणि पट्टी दुसऱ्या काळाची असेल, तर भाग बदललेले आहेत.

कॅलिबरही दोन ठिकाणी जुळवा. १८७३ मध्ये ते नळीवर आणि पितळी कॅरियरच्या खालच्या अंगाला कोरलेलं सापडतं. सुरुवातीच्या ४४-४० रायफलींवर मात्र काहीच नसतं. नळीवर ३८-४० आणि कॅरियरवर ४४ असेल तर दोन रायफलींची एक केलेली आहे. चेंबरबद्दल शंका असेल तर सेरोसेफ या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा घेतात. तो गोठल्यावर आधी थोडा आकसतो, म्हणून पहिल्या अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढायचा, आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने मोजायचा. तेव्हा त्याचं माप चेंबरशी जुळतं. लगेच मोजलं तर आकडा चुकीचा येतो.

धातू: इथे वेळ द्या

खिडकीजवळ, तिरप्या उजेडात बसा. छताच्या सरळ दिव्याखाली तपकिरी पडलेला धातूही निळा भासतो.

अष्टकोनी नळीपासून सुरुवात करा. नळीची एक सपाट बाजू डोळ्यासमोर आडवी धरून खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब त्यावर पाडा आणि नळी हळूहळू फिरवा. मूळ बाजूवर ती रेघ तोंडापर्यंत सरळ पळते. बफिंग व्हीलवर घासलेल्या नळीवर ती लाटांसारखी हलते, कारण फिरतं कापड धातू सगळीकडे सारखा काढत नाही. मग अंगठ्याने कडा चाचपा. मूळ कडा झिजलेली असली तरी तिला धार जाणवते; घासलेली कडा गोलसर लागते. हीच तपासणी रिसीव्हरच्या खालच्या कडांवर आणि नळी-रिसीव्हरच्या सांध्यावर करा. स्क्रूंच्या छिद्रांभोवतीचा धातू बशीसारखा खोल गेलेला दिसला तर ती खूण बफिंगची.

अक्षरं भिंगाखाली वाचा. १८७३ च्या नळीवर कंपनीच्या नावाखाली 'किंग्ज इम्प्रूव्हमेंट' आणि पेटंटच्या तारखा असतात. ठसा दाबला जातो तेव्हा अक्षराच्या कडेने धातूचा बारीक उंचवटा उभा राहतो. न घासलेल्या नळीवर नख फिरवलं की तो हलकासा लागतो. घासल्यावर आधी तोच जातो, मग अक्षर उथळ होतं आणि अक्षराच्या टोकांची बारीक रेघ नाहीशी होते. वापराने अक्षरं झिजली असतील तर हाताळणीच्या जागी जास्त आणि इतरत्र कमी झिजलेली दिसतात. सगळी अक्षरं सारखीच उथळ असतील तर ते यंत्राचं काम समजा.

पुढे निळाई, म्हणजे गंजापासून बचावासाठी धातूवर चढवलेला निळा-काळा थर. मूळ निळाई कुठे टिकते ते आधी लक्षात घ्या: मागच्या साइटच्या पात्याखाली, नळी आणि मॅगझिन यांच्या मधल्या फटीत, घोड्यामागच्या कोपऱ्यात, लोडिंग गेटच्या कडांशी. आधी जाते ती नळीच्या तोंडाशी, लिव्हरवर आणि रिसीव्हरच्या तळाशी, जिथे रायफल हातात किंवा खोगिराच्या म्यानात तोलली जाते. हा क्रम उलटा दिसला, म्हणजे उघड्या भागावर निळाई भरपूर आणि आडोशाच्या जागी कमी, तर ती नंतर चढवलेली आहे. गंजाच्या खड्ड्यांकडेही बघा. मूळ निळाई असलेल्या धातूला गंज लागला तर तो निळाई खाऊन खड्डा करतो, आणि खड्ड्याचा तळ तपकिरी किंवा राखाडी राहतो. खड्ड्याच्या तळाशीही निळं-काळं दिसलं तर आधी गंज होता आणि निळाई नंतर आली. आरशासारखी चकचकीत, एकसारखी काळी निळाई हे गरम क्षारांच्या द्रावणाचं काम असतं. ती पद्धत १९३० च्या दशकात रुळली, त्यामुळे १८९० च्या रायफलवर ती कारखान्यातून आलेली असूच शकत नाही.

विंचेस्टरच्या रिसीव्हरवरची निळाई बऱ्याचदा पापुद्र्यासारखी निघते आणि खालचा धातू राखाडी किंवा तपकिरी दिसतो. ही या रायफलींची स्वाभाविक अवस्था आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट पापुद्र्यांच्या कडा दिसणं मूळपणाच्या बाजूने जातं.

केस-हार्डनिंगचे (धातूचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) रंग १८८६ च्या रिसीव्हरवर, लिव्हरवर, घोड्यावर आणि दस्त्याच्या मागच्या टोकाच्या पत्र्यावर असत. रिसीव्हर मानक म्हणून निळा होऊ लागला तो १९०१ पासून. हाडाच्या कोळशात केलेले मूळ रंग ढगांसारखे, एकमेकांत विरघळणारे असतात आणि उन्हाने, हाताळण्याने राखाडी होतात. आडोशाच्या जागी मात्र ते शिल्लक राहतात. गॅस-टॉर्चच्या ज्योतीने किंवा रसायनाने केलेले नकली रंग पट्टेपट्टे आणि भडक जांभळे दिसतात, आणि हाताच्या घर्षणाच्या जागीही तितकेच ताजे असतात.

हेन्री किंवा विंचेस्टर १८६६ या आणखी जुन्या रायफलींच्या पितळी रिसीव्हरवर लोहचुंबक लावून बघा, चिकटता कामा नये. हेन्रीचे लोखंडी रिसीव्हर मोजके आहेत, म्हणून तसा दावा झाला तर क्रमांक आणि नोंदी दोन्ही मागा. पितळाला ब्रासो लावून चमकवलेलं असेल तर जुना मुलायम रंग गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही.

स्क्रू

इथे चटकन खरं कळतं. मूळ स्क्रूच्या डोक्यावरची खाच अरुंद आणि काटकोनी असते. चुकीच्या पात्याने उघडलेल्या खाचेच्या कडा फाटतात आणि धातू वर ओढला जातो. एखाददुसरा स्क्रू असा असेल तर चालतं. १८७३ च्या बाजूच्या पत्र्यांचा स्क्रू, लिव्हर-स्प्रिंगचे स्क्रू आणि टँगचा स्क्रू असे तिन्ही चेचलेले असतील, तर रायफल अनेकदा उघडली गेली आहे आणि आतला एखादा भाग बदललेला असण्याची शक्यता वाढते. स्क्रूचं डोकं आणि रिसीव्हर एकाच सपाटीला घासलेले दिसले तर दोन्ही एकाच वेळी बफ झालेले आहेत.

नंतर पाडलेली छिद्रं शोधा. मूळ छिद्र कोणतं आणि जास्तीचं कोणतं हे त्याच मॉडेलच्या निःशंक रायफलीशी ताडून ठरवा. वरच्या टँगवर, रिसीव्हरच्या वर आणि बाजूला टेलिस्कोप किंवा रिसीव्हर साइटसाठी पाडलेली छिद्रं भरून काढली तरी भिंगाखाली वर्तुळ दिसतं. अशा छिद्रांनी संग्राहकासाठी किंमत जेवढी घसरते, तेवढी निळाई गेल्याने घसरत नाही. कार्बाइनच्या डाव्या बाजूची खोगीर-कडी काढून टाकली असेल तर तिथे बुजवलेलं छिद्र सापडेल. कडी मूळ असेल तर ती फिरल्याने रिसीव्हरवर कमानीसारखा ओरखडा उमटलेला असतो.

लाकूड

अक्रोडाचा मूळ दस्ता धातूपेक्षा किंचित उंच बसवलेला असतो. रिसीव्हरच्या सांध्यावर, टँगच्या दोन्ही बाजूंना आणि दस्त्याच्या पत्र्याच्या कडेला नख फिरवा. लाकडावरून धातूकडे जाताना छोटी पायरी उतरायला हवी. उलट धातूच वर आणि लाकूड खाली असेल तर लाकूड घासलेलं आहे. हे काम दुरुस्त होत नाही, कारण गेलेलं लाकूड परत येत नाही.

वरच्या टँगच्या मागे बारीक तडा शोधा. काडतुसाचा धक्का तिथे येतो आणि वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाने लाकूड तिथे मऊ पडलेलं असतं. दस्त्याच्या खालच्या टोकाचा टवका आणि पुढच्या लाकडाचं रिसीव्हरकडचं टोक हीही नेहमीची जागा. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात लाकडावरून फिरवा. आधुनिक डिंक आणि वार्निश बरेचदा वेगळे चमकतात. उंची लाकडाच्या खास रायफलींमध्ये दस्त्याच्या आत, वरच्या टँगवर आणि पत्र्यावर एकच जोडणी-क्रमांक ठोकलेला असतो. मालक दस्ता उतरवू देत असेल तर ते तिन्ही जुळवा.

नळीच्या आत

प्रथम साफ करा. काळी दिसणारी नळी कधी कधी फक्त शिसं आणि बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काजळीने भरलेली असते. सॉल्व्हंट लावलेली कापडं फिरवून नळी थोडा वेळ तशीच ठेवली की खरं रूप दिसतं. बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींत मागून काठी घालता येत नाही, सफाई तोंडाकडून होते. म्हणून तोंडाशी नळीतले पिळदार आटे झिजलेले असू शकतात, आणि आपणही काठीला गाईड लावूनच फिरवावी. काळ्या दारूची राख ओलावा धरते आणि जुने प्राइमर क्षार सोडत, त्यामुळे दुर्लक्षित नळीत खड्डे पडतात. चेंबरच्या पुढचा भाग आणि तोंड वेगवेगळे नोंदवा.

गोल काळी कडी दिसली तर तिथे फुगवटा आहे. बाहेरून त्याच जागी बोट फिरवून आणि प्रतिबिंब पाहून पडताळा. नळी आखूड केली आहे का हे लांबीवरून आणि माशीच्या (पुढच्या साइटच्या) जागेवरून कळतं. १८७३ रायफलची नेहमीची नळी २४ इंच, कार्बाइनची २०. १८८६ आणि १८९४ रायफलची २६.

यंत्रणा

घोडा अर्ध्या खाचेवर ठेवून चाप दाबा. घोडा सुटता कामा नये. १८७३ मध्ये लिव्हर टँगला पूर्ण टेकल्याशिवाय चाप सुटू नये, कारण तिथे एक सुरक्षा-पिन असते. ती पुष्कळदा काढून टाकलेली सापडते. १८७३ च्या बंद बोल्टची पकड दोन टॉगल (गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या) दुव्यांवर असते. त्यांच्या पिना झिजल्या की बंद बोल्ट मागे-पुढे हलतो. १८८६ आणि १८९२ मध्ये बोल्टच्या दोन बाजूंनी उभे लॉक वर येतात. लिव्हर बंद झाल्यावर त्यांची वरची टोकं रिसीव्हरच्या माथ्याशी समपातळीत यायला हवीत. चेंबरमधलं काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा, लोडिंग गेटची स्प्रिंग, कॅरियर पूर्ण उचलला जातो का, धूळझाकण आहे का, हे सगळं बघून घ्या. चालवण्याचा विचार असेल तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा) गनस्मिथकडून मोजून घ्या. १८९२ साठी बनलेली जुनी जोरदार काडतुसं १८७३ मध्ये कधीच घालू नयेत. टॉगलची पकड त्यांच्यासाठी नाही.

दर्जा लिहिताना

अमेरिकेतल्या एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन) अँटीक श्रेणी बहुतेक व्यवहारांत वापरतात. 'एक्सलंट' साठी सगळे भाग मूळ, ८० टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश (निळाईसारखा कारखान्याचा थर) आणि धारदार अक्षरं हवीत. 'फाइन' साठी फिनिश ३० टक्क्यांहून जास्त पुरतं. 'व्हेरी गुड' मध्ये फिनिश अगदी नसलं तरी चालतं, पण सगळे भाग मूळ, पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडा धारदार लागतात. नळीची आतली स्थिती इथे संग्राहक विचारात घेत नाहीत. एखादा छोटा भाग बदललेला किंवा पुन्हा निळी केलेली रायफल 'गुड' किंवा त्याखाली जाते, ती कितीही देखणी असो. 'फेअर' मध्ये मोठे भाग बदललेले आणि कडा गोल झालेल्या. 'पुअर' मध्ये खोल खड्डे आणि न चालणारी यंत्रणा.

टक्केवारी एका आकड्यात लिहू नका. रिसीव्हर डावा, रिसीव्हर उजवा, नळी, मॅगझिन, लिव्हर, घोडा असे वेगवेगळे आकडे लिहा. नळीवर ८० आणि रिसीव्हरवर १० असेल तर सरासरी ४५ लिहिणं खरेदीदाराची दिशाभूल आहे, कारण संग्राहक रिसीव्हरकडे जास्त लक्ष देतो. प्रत्येक बदललेला भाग, छिद्र, तडा आणि नळीचं मोजलेलं माप स्वतंत्र ओळीत नोंदवा. फोटो दोन्ही बाजूंचे, वरून, खालून, क्रमांकाचा, अक्षरांचा जवळून आणि नळीच्या तोंडाचा असावेत.

तपासताना किंवा विकत घेतल्यावर साफसफाईचा मोह आवरा. लाल, बोटाला लागणारा गंज चालू असतो. त्यावर तेल लावून काही दिवसांनी मऊ कापडाने पुसा. घट्ट तपकिरी थर तसाच राहू द्या. त्याखाली निळाई उरलेली असू शकते, आणि घासलं तर तीही जाईल.